खाली कसं येतं

दिवाळ्याच्या जेटीपाशी ओहोटीला
बोट चिखलात एका कुशीवर टेकते,
भोवती निवट्या उड्या मारतात.
तेव्हाच काय ते तिच्याशी नीट बोलता येतं.
सदतीस वर्षांची. माझ्याहून सव्वीसनं लहान,
पण सांधे दोघांचे सारखेच वाजतात.

मागच्या माघात, उलव्यासमोर,
वारा एकाएकी उत्तरेला फिरला.
मी डोलकाठीपाशी,
एक हात शिडाच्या घडीत, एक हवेत,
आणि उजवा खांदा नेमका तेव्हा म्हणाला, बास.
कुमुद सुकाणूवर. ओरडली नाही.
नाळ वाऱ्यात धरून ठेवली फक्त,
आणि रात्री भाकरी थापता थापता म्हणाली,
"एक तर शिडाचं काहीतरी कर, नाहीतर खांद्याचं."

खांद्याचा खर्च वाशीच्या डॉक्टरनं सांगितला.
शिडाचा मी काढत बसलो.

डोलकाठीच पोकळ घ्यायची, शीड तिच्या पोटात गुंडाळायचं.
बसल्या जागी दोरी ओढा, चहा सांडत नाही म्हणे.
आकडा ऐकून मी कागद पालथा ठेवला.
शिवाय रबाळ्याच्या कारखान्यात
पस्तीस वर्षं पंप सांभाळलेत,
एवढं कळतं:
जे आत जाऊन गुंडाळतं ते कधीतरी आतच अडकतं,
आणि तो दिवस शांत वाऱ्याचा नसतो.

मग, खालच्या आडव्या दांड्यात गुंडाळी.
अडकलंच तर हाताच्या उंचीवर अडकेल.
पण दांडा आणि काठी यांचा कोन
अंशभरही चुकता कामा नये,
आणि आमच्या बाईला
स्वतःचा कुठलाच कोन आता आठवत नाही.

जोमा तांडेल शेजारी जाळं सांधत होता.
माझे कागद, माझी पट्टी, माझी बेरीज
सगळं ऐकून घेतलं त्यानं, सुईचा दोरा दातानं तोडला.
"वरती तं कोनीपन नेतंय.
खाली कसा येतंय, त्या सांग."

सांगण्यासारखं काही नव्हतं.
उठलो, शीड चढवलं, दोर सोडून दिला.
अर्ध्यावर आलं आणि थांबलं,
वाऱ्याचं नाव नसताना,
निर्णय न झालेल्या माणसासारखं.

पंचवीस सरक्या होत्या काठीच्या खाचेत,
नऊ झिजलेल्या, एक तर पार चिरलेली.
वर्षानुवर्षं माझा खांदा ओढत होता
तो वारा नव्हता. ह्या नऊ सरक्या होत्या.
जोमा हसला नाही. त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

सरक्या नव्या घातल्या.
शीड आखडायचे दोर कप्प्यांतून मागे, सुकाणूपाशी आणले.
काठीपासून दांड्यापर्यंत दोन्ही अंगांनी
बारीक दोऱ्यांचा पाळणा, आणि खाली झोळी.
झोळी शिवली तुर्भ्याच्या ट्रक टर्मिनलवर मुनाफभाईनं,
ज्यानं जन्मभर फक्त ताडपत्र्या शिवल्या.
"गाडी कोणती?"
"शिडाची."
क्षणभर बघत राहिला,
मग पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं लिहिलं:
दहा चाकी, पण पुढून फुगीर, मागून निमुळती.
माप मात्र बोटभरही चुकलं नाही.

परवा पहाटे मतलईवर निघालो,
सागरी सेतूच्या खालून बाहेर,
दुपारच्या भरतीबरोबर परत.
दिवाळ्याच्या तोंडाशी कुमुदनं मला बस म्हटलं
आणि बसल्या जागेवरून दोर सोडला.

एक लांब खसखस झाली.
बाजारातून आल्यावर कुणी खुर्चीत अंग टाकावं
तसं शीड झोळीत आलं.

एक घडी तेवढी बाहेर राहिली, डावीकडे लोंबत.
मी उठायला लागलो.

"राहू दे," ती म्हणाली, "जेटी आली."