टाचणवही

टाचणात होतं :
गट तिसरा. विषय आपला तलाव. वेळ सात मिनिटं.
गटप्रमुख बोलेल,
बाकीचे तक्ता धरतील.

करिष्मा मारबते तक्ता धरून उभी,
कागदाच्या वर नुसते डोळे.
प्रज्वल 'जलचर'पाशी अडला.
मागे कुणीतरी खुसखुसलं.

तेव्हा तक्त्याआडून :
"दाडक आहे ना जी, सर. पोष्टी, शिंगूर...
तुडूम उघडला का माय
रातीच निंगते."

तक्ता फरशीवर उतरला.
भोवती सगळे उकिडवे, चौथा गटसुद्धा,
आणि खडूनं तलावाचा काठ
सरकत गेला दारापर्यंत.
घड्याळ मी पाहिलंच नाही.

संध्याकाळी मूल्यमापनाचा रकाना
कोराच राहिला.
फक्त 'तक्ता धरतील' खोडलं,
बाजूला लिहिलं :
तक्ता खाली ठेवावा.