तिसरं पद

कोपरखैरण्यात सेक्टर सातनंतर आठ लागेलच असं नाही.
पत्ता विचारणाऱ्याला मी दुकानातूनच हात करून सांगते,
आधी पंधरा लागेल, मग डावीकडे.
कृत्तिकाचं गणितही तसंच चाललंय.
वर्ग नववीचा, वही अकरावीची,
आणि डोळ्यांखाली बारावी.

झेरॉक्सचं दुकान क्लासच्या जिन्याखाली आहे.
दुकान दळवींचं, मशीन तेवढं माझ्या ताब्यात.
सगळ्या बॅचचे पेपर आधी माझ्या हातून जातात,
कोमट, एकमेकांना चिकटलेले,
आणि आई असूनही मी त्यातला एक प्रश्न वाचत नाही.
वाचून तरी काय कळणार होतं?
एक लांबुडका गळ,
आकड्यांच्या पाण्यात सोडलेला.

खंडेलवाल सर म्हणाले होते,
आयआयटी म्हणजे दहावीत बारावी संपायला हवी,
लोक सहावीपासून येतात,
तुम्ही तशा उशिराच आलात.
मी बॅगेतून चेकबुक काढलं.
आमचे चेकसुद्धा पुढच्या तारखांचे.

तिरक्या आलेल्या, शाई फुटलेल्या प्रती मी घरी आणते,
कोऱ्या बाजूला ती रफ करते.
परवा रात्री भाजी निवडताना
एका पानावर नजर गेली:
x² + 6x
आणि मी एकदम बोलून गेले, हे मला येतं.

तिनं मान वर केली,
बंद पंखा आपोआप फिरावा तशी बघत.
मी म्हटलं,
तिसरं पद बरोबर, अर्धा गुणिले x चा सहगुणक, कंसाचा वर्ग.
चोवीस वर्षं झाली, एका दमात आलं.
"सहगुणक?"
तुमच्यात कोएफिशंट.
"पण आई, तुला तर गणितात ग्रेसचे मार्क होते ना?"
होते. हे पाठ होतं.
अर्धा का, ते मात्र कधी कळलं नाही.
बाईंना विचारलं तर म्हणाल्या, परीक्षेत येत नाही.

ती हसली नाही.
पेनाचं टोपण लावलं, काढलं.
"आमचं हे सातवीच्या सुट्टीत झालं.
एका दुपारी.
मलापण नाही माहीत."

मग मी दुकानात कागद कापते तसा
एक चौरस कापला, बाजू x.
शेजारी एक पट्टी, सहा रुंद.
आता याचा मोठा चौरस कर, ती म्हणाली,
आणि माझ्याच हातानं पट्टी उभी चिरली,
सवयीनं, ए-फोरचे दोन भाग करतात तशी.
एक तुकडा उजवीकडे लावला, एक खाली.
कोपऱ्यात भोक राहिलं.

किती वेळ आम्ही त्या भोकाकडे बघत होतो.
तिनं त्यात बोट ठेवलं.
"तीन गुणिले तीन," अगदी हळू,
बाळ झोपलेल्या खोलीत बोलतात तसं.
"नऊ. आई, हे नऊ इथे असतात?"

त्या रात्री इंटिग्रेशनची शीट झाली नाही.
आम्ही आठ कापले, दहा कापले,
पाच कापताना अडीचवर भांडलो,
मेथी तशीच राहिली.

रविवारी टेस्ट झाली, सोमवारी सरांचा फोन,
मुलगी दोन टॉपिक मागे गेलीय.
मी म्हटलं, हो, थोडी मागे आली होती,
माझ्यापर्यंत.
त्यांना ते ऐकू गेलं नसावं,
मशीन चालू होतं,
शंभर प्रती, दोन्ही बाजूंनी.

तो चौरस तिनं कपाटाच्या दारावर चिकटवलाय.
नऊचा तुकडा सकाळी केर काढताना गेला.
दुसरा कापून देते म्हटलं तर नको म्हणाली,
कोपरा राहू दे तसाच.
काल बघितलं तर त्या रिकाम्या जागेत
पेन्सिलीनं एक प्रश्न लिहिलाय,
घन असेल तर?

मला काय माहीत.
दुकानातून जाड पुठ्ठा आणलाय.