एकास चौसष्ट

फॉर्मवर लिहिलंय : तेजाली वैती, वय सत्तावीस,
वरळी कोळीवाडा. ओ निगेटिव्ह.
अठरावा आठवडा. खेप : पहिली.

परळच्या या तळमजल्यावर एकोणीस वर्षं
मी नळ्या उजेडाशी धरून तिरक्या करते.
बुडाशी बसलेला लाल ठिपका
धुरासारखा सुटला, तर ठीक.
हिचा सुटत नाही.
पातळ करते. अर्धं, त्याचं अर्धं.
सोळाला गुठळी, बत्तिसाला गुठळी,
चौसष्टालाही रव्यासारखे कण.

पहिल्या खेपेत रक्त एवढं शिकत नाही.

बाकावर सासू. फाईल तिच्याच मांडीवर.
मी खिडकीतून सांगते, "नमुना कमी पडला.
पेशंट एकटीच आत येऊ दे."

दंडाला पट्टा बांधताना विचारते,
"रक्त कधी चढवलं होतं?"
"नाही."
पुढचं विचारत नाही. नळी भरत राहते.
भिंतीवरच्या लसींच्या तक्त्याकडे बघत तीच म्हणते,
"अकरा आठवडे. भांडुपला. लग्नाआधी."
"त्यांनी रक्तगट विचारला?"
"नावसुद्धा नाही विचारलं."

बहात्तर तासांत एक इंजेक्शन द्यायचं असतं.
एवढंच असतं.

त्या अकरा आठवड्यांची पावती नाही,
आईनं शपथ घातली, हिनं पुसून टाकलं.
पण सोसायटीच्या जुन्या वॉचमनसारखं
आत कुणीतरी तो चेहरा ध्यानात ठेवून बसलंय
आणि आता नव्या पाहुण्याची वाट अडवतंय.
वैर म्हणून नाही.
ओळख पटली म्हणून.

"घरी कळेल?" कापूस दाबत ती विचारते.
डॉक्टरांच्या रकान्यात मी लिहिते : जी टू, ए वन.

बाहेर सासू बोट ठेवून अक्षरं जुळवते.
"ए वन? म्हंजे एकदम मस्त ना?"
मी हो म्हणत नाही. नाहीही म्हणत नाही.
"बाळाला रक्त कमी पडेल. पोटातच द्यावं लागेल."
"मग माझं घ्या की," म्हणत
ती बांगड्या कोपरापर्यंत सरकवते.

ते चालणार नव्हतं.

सव्विसाव्या आठवड्यात मी तिसरी पिशवी काढली.
पहिल्या दोन दुसऱ्याच कुठल्या कारणानं नापास.
तेजालीचा द्रव, परक्या कुणाच्या पेशी,
नळी उजेडाशी धरली, तिरकी केली.

हललं.
सुटं राहिलं.
घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं,
आणि डबा अजून उघडायचा होता.