मापातलं पाणी

भिंतीवरचं पोस्टर मीच चिकटवलंय,
वॉर्ड ऑफिसच्या खळीनं, कोपरे नीट दाबून:
ताप आल्यास भरपूर पाणी प्या.
अँटॉप हिलच्या एकोणतीस इमारती माझ्याकडे.
पिंपं उलटी करायची, फ्रिजमागचा ट्रे ओढायचा,
मनीप्लँटच्या बाटलीत टॉर्च मारून
वळवळत्या अळ्या दाखवायच्या,
वर म्हणायचं, बघा, पाळल्यात तुम्ही.

आमच्या घरात पाणी साचत नाही.
आमच्या घरात पाणी मोजतात.

बापू मशीद बंदरला वजनकाटे दुरुस्त करायचे.
किडन्या गेल्या तेव्हा त्यांनी पेटीतून
पाव लिटरचं पितळी माप काढलं,
तळाशी सरकारी शिक्का, घासून पुसट.
दिवसाला तीन मापं.
चहा त्यातच, आमटी त्यातच,
गोळ्यांवरचा घोटही त्यातच.
रात्री माप उपडं ठेवायचे,
हिशेब मिटवल्यासारखं.

सप्टेंबरात एका जिन्यातले दोघं तापले:
खालचा झुबेर, आणि बापू.
डास बहुधा एकच.
झुबेर एकोणीसचा. हाडं मोडल्यासारखा पडला,
शहाळ्यांवर शहाळी प्यायला,
आणि सहाव्या दिवशी गॅलरीतून
फोनवर कुणाशी तरी भांडत होता.

त्याची आई एक शहाळं वर घेऊन आली.
मी दारातच म्हटलं, नाही चालत हो, पोटॅशियम.
शहाळं हातात तसंच धरून ती उभी राहिली.
कुणी पपईच्या पाल्याचा रस आणला,
कुणी किवी.
सगळ्यांकडे औषध होतं,
धडधाकट माणसाला लागू पडणारं.

पाचव्या पहाटे ताप उतरला. मी देवापुढे दिवा लावला.
वॉर्डातली डॉक्टर तांडेल म्हणाली,
आता खरं सुरू होतं.
रक्तातलं पाणी शिरांमधून झिरपतं,
अंगातच राहतं, पण कामाचं राहत नाही.
हे मला लगेच कळलं.
आमच्या गल्लीत पाइप फुटतो तेव्हा
पायाखाली तळं असतं आणि नळ कोरडा.

सलाइन वाढवावं तर छातीत पाणी,
आखडावं तर बीपी कोसळतं.
रक्त पातळ करणारी गोळी थांबवावी तर हृदयातला स्टेंट,
द्यावी तर हिरड्यांतून लाल धार.
आणि शुगर,
तिचं कशाशीच पटत नाही.
तांडेल चार्टकडे बघत म्हणाली,
डेंग्यूनं बाहेरून नुसती कडी वाजवली,
दार आतल्यांनी उघडलं.

प्लेटलेट बावीस हजार.
तिनं खुर्ची ओढली आणि ती
थेंब मोजत बसली, घड्याळाकडे बघत,
दर तासाला आकडा खोडून नवा लिहीत.
बापूंनी डोळे किलकिले केले.
किती माप झालं, त्यांनी विचारलं.
मी म्हटलं, आज तुम्ही नका मोजू.
ते बराच वेळ त्या मुलीच्या बोटांकडे बघत राहिले,
मग म्हणाले, हात बरा आहे तिचा.
काटा थरथरत नाही.

अकराव्या दिवशी घरी आले,
पाच किलोनं हलके, चिडके,
आणि आल्या आल्या मापावर बोट फिरवून धूळ बघितली.

पोस्टर अजून तिथेच आहे.
त्या ओळीखाली बॉलपेननं मी एक ओळ लिहिली,
वरच्यांनी बघितली तर मेमो येईल.
आणि आता पिंपात वाकण्याआधी
उंबऱ्यातच विचारते:
घरात कुणाला आधीचं काही दुखणं?

छे हो, आतून कुणीतरी म्हणतं,
आमच्याकडे सगळे ठणठणीत.
यांना तेवढी थोडी शुगर आहे.

मी टॉर्च विझवते.
चप्पल काढते.