कडता

यमाजी ढेबे तुर्भ्याच्या मार्केटात मापाडी होता.
तीस वर्षं शेतकऱ्याच्या गोणीतून त्यानं कडता कापला,
कधी बारदानाचा, कधी मातीचा, कधी उगाच,
आणि शेठनं मागवलेला चहा प्यायला.

मग वीज गेली ती आलीच नाही.
बँका गेल्या. माझीही;
तिच्या शटरवर कुणी कोळशानं लिहिलं होतं, जेवणाची सुट्टी.
वाशीच्या पुलावरून लोक चालत येत,
आम्ही दगड रचून त्यांना अडवायचो.
हो, आम्ही. मीही उचललेत.

कांद्याच्या रिकाम्या गाळ्यात यमाजीनं जुना काटा टांगला.
सापडेल ते आणा म्हणाला, तोलून वाटू.
करावेची पद्मीबाय सुकट घेऊन आली,
नासीर, दवाखान्याच्या गच्चीवरचं अळू.
दर खेपेला यमाजी चिमूट-मूठ बाजूला काढायचा.
"काटा पन्नास ग्रॅम कमी दाखवतो.
जे काट्याला दिसलं नाही, ते तुमचं नाही."
मग कुणाचं?
त्यानं पुलाकडे हनुवटी केली.

एवढंच. ह्यापुढे त्यानं काही शिकवलं नाही.
बाकीचं आम्ही जोडलं:
गाळ्याच्या पायरीशी चपला काढायच्या,
पोराचं बारसं पारड्यात,
भांडण झालं तर दोघांनी मिळून एक गोण उचलायची,
बोलणं नंतर.
कुणी काट्याला हळद लावली तेव्हा तो चिडला,
"गंजेल की!"
आणि संध्याकाळभर फडक्यानं पुसत बसला.

पुलावरून पहिली बाई आली, कडेवर पोर,
पोराच्या एका पायात मोजा.
तिला कडत्यातलं जेवू घातलं.
तिनं विचारलं, तुम्ही कोण लोक?
पद्मीबायनं जरा विचार केला.
"आम्ही कडत्याची माणसं."

यमाजी काविळीनं गेला.
त्या रात्री गाळ्यात मी एकटीच.
दोन्ही पारड्यांत किलोची मापं ठेवली,
सरकारी शिक्क्याची.
काटा सरळ.
मापं अदलाबदल केली.
सरळ.
खाडीत अंधारात फ्लेमिंगो बडबडत होते.
मला हसू आलं, मग नाही आलं.
तीस वर्षांचा हात त्याचा,
त्याला असं तोलणं काय जड.

सकाळी रांग लागली.
नासीरनं पारड्यात नाचणी ओतली
आणि माझ्याकडे पाहिलं.
तो पोरगाही बघत होता, आता दोन्ही पायांत मोजे.
मी घसा खाकरला.
"काटा पन्नास ग्रॅम कमी दाखवतो," मी म्हणाले.