जमेची बाजू

सियागंजात हळद-धण्याच्या पेढीवर
एकतीस वर्षं वही लिहिली मी,
म्हणून इंदुताईंनी निवडणुकीचा हिशेब माझ्याकडे दिला.
दोनदा.

पहिल्या वेळची वही जाड आहे.
पक्षानं तिकीट दिलं होतं, शंभर झेंडे,
आणि गमछ्यांचा गठ्ठा,
त्यातले निम्मे मागच्या उमेदवाराच्या नावाचे.
बाकी सगळं गल्लीनं.
अकरा. एकवीस. एक्कावन्न.
त्र्यंबक तासकर, हार्मोनियम दुरुस्ती, एकशे एक.
मालवा मिलचा जुना जॉबर, एकवीस, तेही दोन हप्त्यांत.
पोहेवाल्या गेंदालालनं रोख दिली नाही,
रोज सकाळी पंचवीस माणसांचे पोहे दिले.
सरकारी दरपत्रकाप्रमाणे मी ते जमेला धरले,
शेव-जीरावन वेगळं लावलं नाही.

चारशे बारा नावं.
फुकट काही नव्हतं, उगाच सोवळं कशाला सांगू:
एकाला नालीवर फरशी हवी होती,
एकीला मुलाच्या अर्जावर सही.
पण चारशे बारा जणांचं मिंधं असणं
म्हणजे जवळजवळ कुणाचंच नसणं.

मल्हारगंजातल्या शाळेचं मैदान विकायचा ठराव आला
तेव्हा सभागृहात आपल्या बाजूचे सगळे हात वर,
ताईंचे दोन्ही मांडीवर.
ठराव लांबला.
रात्री शहराध्यक्ष घरी आले, अर्धा कप चहा घेतला,
काय परत मागावं ते त्यांना सुचेना.
झेंडे तर आम्ही धुवून पाठवले होते.

दुसरी वही पातळ.
वॉर्ड दुप्पट झाला,
समोरचा उमेदवार रात्री ड्रोन उडवायचा.
एक बिल्डर येऊन बसला, बोलला गोड:
"पक्षाचं घेऊच नका, वहिनी. माझं घ्या,
मग पक्षाला काय ते खुशाल सुनवा."
ताई हसल्या.
पतंग तोच, मांजा दुसऱ्या गच्चीवरून.

मग एका संध्याकाळी पक्षाचा मुलगा
स्कूटरवर पायांमध्ये पिशवी ठेवून आला.
"गिन लो, भिया."
पावतीचं नाव नाही.
मी मोजलं. थुंकी लावून, तीन वेळा.
त्यातलं जेवढं लिहिता येतं तेवढं लिहिलं:
जमेच्या बाजूला एकच ओळ.

इस्त्रीवाला रामदुलारे आला, दहाची नोट, एक नाणं.
ताई म्हणाल्या, "अरे, या वेळी राहू दे."
मायेनंच म्हणाल्या.
तो जरा वेळ उभा राहिला,
कुणी गठ्ठा न सोडताच परत द्यावा तसा.
पैसे टेबलावर ठेवून गेला.

मैदान पुन्हा आलं. आता त्याला 'परिसर' म्हणत होते.
मी वर, प्रेक्षकांत.
ताईंनी हात वर केला.
मराठीत हात वर करण्याचे दोन अर्थ होतात.
त्या हिंदी सभागृहात एकच मोजला गेला.

परतताना रिक्षात म्हणाल्या,
"अप्पा, हात खाली ठेवायला किती लागले असते?"
विचारायचं म्हणून विचारलं असावं. पण माझी सवय.
पिशवीतला आकडा, भागिले अकरा.
राजवाड्यापर्यंत भागाकार चालला होता.
इतकी माणसं आमच्या वॉर्डात नाहीत,
मतदार यादीतले मेलेले धरूनही.
"बघून सांगतो," म्हणालो.
त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

ते अकरा रुपये अजून माझ्याकडे.
जमेला धरता येत नाहीत, परत द्यायला तोंड नाही.
शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलंय:
अनामत, रामदुलारे.

परवा दोन सदरे त्याच्याकडे टाकले.
पूर्वी म्हणायचा, "रहने दो, अप्पा."
परवा त्यानं पैसे घेतले,
गल्ल्यात बोटं घालून, शोधून,
माझे चार रुपये सुटे परत दिले.