बर

कीथलीत, कालव्यामागच्या शेडमध्ये,
(गावाचं नाव लिहिताना घ, म्हणताना थ)
सकाळी साडेसहाला दिवे लागतात
तेव्हा माझ्या बाकावर झडपांचे ठोकळे येऊन थांबलेले असतात,
तेलाने ओले, रात्रपाळीच्या हातून नुकते सुटलेले.

ड्रिल आरपार गेलं की
भोकाच्या तोंडाशी थोडा धातू उरतो.
धड गेलेला नाही, धड राहिलेला नाही,
काठाला धरून बाहेर डोकावतो.
त्याला बर म्हणतात.
कोल्हापुरात, उद्यमनगरात, दादाही बरच म्हणायचे.
ग्लेनिस तेच म्हणते,
फक्त शेवटचा र तिच्या तोंडातून निसटतो.

कुसळाएवढा असतो तो.
पण दोन भोकं आत जिथे एकमेकांना छेदतात
तिथे दडून बसला तर एक दिवस सुटतो,
तेलासोबत वाहत जातो,
आणि कुठल्यातरी शेतात, भर नांगरटीत,
उचललेला नांगर
खाली यायचं नाकारतो.

म्हणून दातांच्या डॉक्टरचा आरसा,
वाकड्या पात्याची सुरी,
आणि शेवटी काडीवरचा कापूस,
कडेवरून हलकेच फिरवायचा.
एक जरी तंतू अडकला, तर पुन्हा पहिल्यापासून.
ग्लेनिस चौतीस वर्षं हेच करते आहे.
तिच्या अंगठ्यावर आता ठसा नाही,
तिचाच फोन तिला ओळखत नाही.

ड्रॉइंगच्या कोपऱ्यात छापलेलं असतं:
सर्व कडा मोडा.
आवडायचं मला ते वाक्य.
खोड मोडतात तशी कड मोडायची.
पहिल्या वर्षी मी दिसेल ते मोडलं.
बोलताना हात खिशात ठेवले.
मंजुळातला ळ काढला,
बॅजवर मॅन्जी छापून घेतलं,
कुणी म्हटलं नव्हतं.

मग मार्चमध्ये ते स्पूल आले.
पेनाएवढे, एकसष्ट नग.
मी प्रत्येकाची प्रत्येक कड
बाळाची नखं कापावीत तशी जपून गोल केली.
कापूस कुठेच अडकेना.
ग्लेनिसने एक उजेडात धरला,
बराच वेळ फिरवत राहिली.
"ही कड तेल अडवते, पोरी.
हिच्यावर बर नको. धार हवी."
ड्रॉइंगवर बाण होता.
बारीक अक्षरांत: तीक्ष्ण ठेवा.
मी तिथपर्यंत वाचलंच नव्हतं.

एकसष्ट नग. भंगाराच्या निळ्या पेटीत
एकेक टाकला, मोजून.

रविवारी दादांचा फोन.
कसं आहे? बरं आहे.
"बर आहे, का बरं आहे?"
हा विनोद ते दर रविवारी करतात
आणि खोकला येईपर्यंत स्वतःच हसतात.
स्पूलचं सांगितलं तेव्हा हसले नाहीत.
किती मायक्रॉनचा खेळ होता, विचारलं.
मग म्हणाले, गोल कशाला केलंस गं?
लेथवरची माणसं असंच विचारतात,
दोष देत नाहीत, माप मागतात.
माझ्याकडे माप नव्हतं.

सोमवारी चहाच्या सुट्टीत
ग्लेनिसला म्हटलं, माझं नाव मंजुळा.
मंजुला, म्हणाली ती.
नाही, जीभ मागे वळव, टाळूला लाव, सोड.
मंजुडा. मंजुरा.
बिस्किटाचा चुरा तिच्या हनुवटीवर.
आठव्या की नवव्या खेपेला
काहीतरी खरखरलं तिच्या टाळूशी,
दोघी थबकलो,
आणि भोंगा झाला.
बाकावर ठोकळे येऊन थांबले होते.